नावावर नसलेली जमीन

पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा गरिबीचं माप त्यांनी पोटापासून घेतलं. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळावेत. त्यासाठी १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. या आकड्यांची आज कुणी चेष्टा करील, पण ‘गरीब म्हणजे नेमका कोण’ हे सरकारला टाळता येऊ नये, अशी सोय त्यांनी करून ठेवली. ते ऋण मानूनच पुढचं बोलायला हवं.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातलं एखादं आदिवासी कुटुंब घ्या. पावसाळ्यात डोंगरउतारावर नागली, वरई, थोडा भात. पुढे ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की नवरा-बायको दिंडोरी, निफाडकडे उतरतात. बरं काम मिळालं त्या वर्षी हे घर दारिद्र्यरेषेच्या वरही निघेल. जिल्ह्याच्या सरासरीत तर ते दिसायचंच नाही. निर्यातीची द्राक्षं आणि शहरातले कारखाने ती सरासरी वर उचलून धरतात.

पण त्या उताराचा सातबारा काढायला गेलं तर तिथे वनविभाग आहे. बापाने दगड वेचून केलेली जमीन मुलगा कसतो आणि दफ्तरात तो अतिक्रमणदार ठरतो. मग बँक पीककर्जाला उभं करत नाही, अवकाळीने पीक झोपलं तरी भरपाईच्या यादीत त्याची जमीन चढत नाही. वनरक्षक कधी येईल आणि काय म्हणेल, ही धास्ती वेगळीच. उष्मांक पुरे पडले तरी ती उरते.

अमर्त्य सेन गेली कित्येक दशकं सांगत आले की माणसाकडे काय आहे एवढंच पाहू नका. त्याला काय करता येतं, कसं जगता येतं, ते पाहा. मला त्याचा अर्थ सुरगाण्यात जास्त स्वच्छ कळतो. तलाठ्यासमोर मान वर करून बोलता येणं, हासुद्धा माणसाच्या कल्याणाचाच भाग आहे, आणि तो कुठल्याही खर्चाच्या पाहणीत नोंदला जात नाही.

कसणाऱ्याला अतिक्रमणदार ठरवण्याची ही चूक २००६च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्याय म्हणून मान्य केली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क. पट्टा विकता येणार नाही, पण मुलाबाळांकडे जाईल. आणि लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावाने. चांगला कायदा आहे. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे जातो. तक्रार अशी की कसलेली जमीन एकरांत असते आणि पट्टा गुंठ्यांत हाती पडतो.

६ मार्च २०१८ ला किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी निघाले, त्यांत हे वनजमीनवाले मोठ्या संख्येने होते. अंतर सुमारे १८० किलोमीटर. शेवटच्या रात्री, दहावीच्या मुलांना सकाळी परीक्षेला जाताना खोळंबा नको म्हणून, ते न झोपता चालत राहिले. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, फोड आलेल्या पायांसाठी चपला आणल्या. त्या चांगुलपणाला नावं ठेवण्याचं मला कारण दिसत नाही. एक मात्र खटकत राहिलं. ज्याची मागणी होती त्याच्याकडे आपण गरजू म्हणून पाहिलं. चप्पल देणाऱ्याला त्याच दिवशी समाधान मिळतं. पट्टा द्यायचा तर वनविभागाला, महसूल खात्याला आणि स्वस्त मजुरांची सवय लागलेल्या आपल्याला काहीतरी सोडावं लागतं. डोंगरावरची जमीन नावावर झाली, पाणी अडलं, दुसरं पीक निघालं, तर छाटणीला कोण उतरेल, हा प्रश्न बागाईतदार उघड विचारत नाहीत. मीही द्राक्षं घेताना विचारत नाही.

१२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणून. २०१९च्या फेब्रुवारीत नाशिकमधून पुन्हा मोर्चा निघाला. २०२३च्या मार्चमध्ये दिंडोरीहून आणखी एक. तो शहापूर तालुक्यात वासिंदला थांबला. मागण्यांच्या यादीत या वेळी कांदा आला होता, आणि वनजमीनही होतीच.