मताधिकार नसलेला मार्गदर्शक

ज्यांची बुद्धी अपुरी आहे असे समाजाने ठरवून टाकले, त्यांच्या हिताविषयी बोलण्याचा अधिकार आरंभी वैद्यांकडे आणि संस्थाचालकांकडे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत तो मातापित्यांच्या संघटनांनी मोठ्या जिद्दीने आपल्याकडे घेतला. या संघटनांचे ऋण थोर आहे, कारण विशेष शाळा आणि कार्यशाळा बव्हंशी त्यांच्याच चिकाटीतून उभ्या राहिल्या. तथापि आपल्या अपत्याचा कैवार घेणारी माणसे त्याच्या वतीने बोलता बोलता त्याच्याऐवजी बोलू लागतात, आणि हे अंतर केव्हा ओलांडले गेले ते त्यांच्या ध्यानीही येत नाही.

ते ध्यानी येण्यास कारण झाले स्वीडनमधील एक कार्यकर्ते, बेंग्ट निर्ये. तेथील मातापित्यांच्या राष्ट्रीय संघटनेत काम करीत असताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, या व्यक्तींच्या दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची घडण इतर नागरिकांसारखीच असली पाहिजे. या विचाराची परिणती पुढे अशी झाली की, तरुण मंडळींसाठी सभाशास्त्राचे वर्ग निघाले: अध्यक्ष कसा निवडावा, ठराव कसा मांडावा, मते कशी मोजावी. १९७० साली माल्मो येथे त्यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. काम अधिक मनाजोगते असावे, राहण्यास स्वतःचे घर असावे, या मागण्या तीत होत्याच. परंतु सहलीला आम्हांला मोठ्या घोळक्याने नेऊ नये, अशीही एक मागणी होती. रस्त्याने रांगेने जाताना लोकांच्या नजरा ज्याने झेलल्या आहेत त्यालाच ती सुचावी. कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालात तिला जागा मिळाली नसती.

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात हा विचार अधिक कठोर भूमीत रुजला. सेलम येथील फेअरव्ह्यू ही सरकारी संस्था १९०८ साली सुरू झाली होती, आणि तेथील कित्येक रहिवाशांची सरकारी मंडळाच्या हुकुमाने सक्तीची नसबंदी झाली होती. १९७३ साली तेथील काही रहिवासी व कर्मचारी कॅनडातील एका परिषदेस गेले, तो तेथेही बोलणारे बहुतांशी व्यावसायिक तज्ज्ञच आढळले. परत आल्यावर, ८ जानेवारी १९७४ रोजी, त्यांनी स्वतःची परिषद भरविण्याची तजवीज सुरू केली. ‘पीपल फर्स्ट’ (आधी माणसे) हे नाव त्या तयारीतूनच निघाले, आणि ऑक्टोबरमध्ये समुद्रकाठच्या ऑटर क्रेस्ट येथे ५६० माणसे जमली.

या चळवळीत साहाय्यकाची जी भूमिका हळूहळू घडत गेली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. साहाय्यक सभेत बसतो, पण त्याला मत नसते. नेमणूक सभेने करावी आणि सभेनेच त्याला निरोप द्यावा, हा आदर्श. हे वाचावयास सुलभ, आचरणास दुष्कर. अध्यक्षस्थानी बसलेली तरुणी कार्यक्रमपत्रिकेवरील चित्रांवरून बोट फिरवीत तिसऱ्या विषयापाशी अडते, सभागृह थांबते, शेजारी बसलेल्या साहाय्यकाच्या ओठांवर पुढील वाक्य तयार असते. तो ते बोलला तर सभा लवकर आटोपेल, पण मग ती सभा त्याची होईल. जाणत्या साहाय्यकाने अशा वेळी फार तर त्या चित्रावर बोट ठेवावे आणि वाट पाहावी.

याहून सूक्ष्म धोका विषय ठरविण्यात असतो. वसतिगृहात रहिवाशांची समिती नेमावयाची, तिला पडद्यांचा रंग आणि रविवारचे पक्वान्न विचारावयाचे, आणि काळजीवाहक कोणी असावा, पैशाचा हिशेब कोणी पाहावा, हे प्रश्न मात्र दफ्तरातच ठेवावयाचे, हा प्रकार मला सर्वथा अनिष्ट वाटतो. कारण त्यात सत्ता जागची हलत नाही आणि समाधान मात्र उभयपक्षी लाभते.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालकत्वाची दरखास्त जिल्ह्याच्या स्थानिक समितीपुढे जाते. त्या समितीवर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी आणि नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी यांच्यासमवेत एक अपंग व्यक्ती असावी असा दंडक आहे. आणि ती व्यक्ती बौद्धिक अपंगत्व असलेली नसावी, असे कायदा कोठेही म्हणत नाही. भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने पालकाचे अधिकार मर्यादित करून परस्परांच्या विचाराने संयुक्त निर्णय घेण्याचे तत्त्व स्वीकारले. संयुक्त निर्णयास दोन माणसे लागतात, आणि त्यांतील एकाला आजवर बोलण्याचा सरावच दिला गेलेला नाही. तो सराव जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत होणार नाही. तो शाळेत, कार्यशाळेत आणि घरच्या जेवणाच्या पाटावर व्हावयास हवा.

म्हणून महाराष्ट्रातील पालकसंघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या वार्षिक सभेत आपल्या कार्यकारिणीच्या निदान दोन जागा, पूर्ण मताधिकारासह, ज्यांच्यासाठी संघटना स्थापिली त्यांच्याच हाती द्याव्यात, आणि त्यांचे मत आपल्या मताविरुद्ध पडले तरी इतिवृत्तात ते जसेच्या तसे लिहावे.