तिसरं पाणी

एखाद्या गोष्टीतून किती काढून घ्यावं, हा नीतिशास्त्राचा मोठा प्रश्न आहे; पण तो सुटला आहे स्वयंपाकघरात. नारळाचं पहिलं दूध घट्ट, ते शेवटी घालायचं. दुसरं पातळ, ते शिजवायला. तिसरं काढणारीला सासू काटकसरी म्हणते आणि सून चिंगूस म्हणते. चौथं काढणारीबद्दल मात्र दोघींचं एकमत होतं, आणि सासू-सुनेचं एकमत होणं ही काही साधी घटना नव्हे. काटकसर संपून हाव कुठे सुरू होते, ती सरहद्द या तिसऱ्या-चौथ्या पाण्याच्या मधून जाते.

हे मला नव्याने शिकवलं ते माझ्या भाच्यानं. सदाशिव पेठेत मुंज झालेला हा मुलगा इंग्लंडात राहतो आणि गॅरेजमध्ये बिअर करतो. तिकडे तो गुन्हा नाही. घरगुती बिअरला लागणारा परवाना तिथल्या सरकारने १९६३ साली काढून टाकला. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी तशाच कायद्यावर सही केली. आमच्या बहिणीची सही मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

कृती सोवळ्यातली वाटावी अशी आहे. जवाला मोड आणून वाळवायचे, भरडायचे आणि साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. पिठाची साखर होते. मग गोड पाणी खालून काढून घ्यायचं. पण चोथ्यात साखर उरतेच. ती धुऊन घ्यायला वरून गरम पाणी शिंपडतात. त्याला म्हणतात ‘स्पार्ज’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिंपडणे. थोडक्यात, तीर्थच!

आता माणूस म्हटला की त्याला २० लिटरवरून ४० लिटरचा मोह होणार. आणि इथे भलेभले फसतात.

“मामा, सगळं दुप्पट करायचं नसतं,” भाचा म्हणाला. ५ किलो जव, १५ लिटर पाणी. किलोमागे लिटरभर पाणी जव पिऊन बसतो, तो ते परत देत नाही. हाती आले १०. तासभर उकळताना ४ लिटर वाफ होणार, म्हणून पातेल्यात २४ हवे. वरून शिंपडायचे १४. आता १० किलो घ्या. ३० ओतले, १० गेले, २० आले. पण वाफ? पातेलं तेच, शेगडी तीच, पातेल्याचं तोंड तेवढंच. वाफ ४ लिटरच्या आसपासच! म्हणजे पातेल्यात ४४ हवे आणि शिंपडायचे २४. डोळे मिटून दुप्पट करणारा २८ तापवून बसतो.

“मग ते चार लिटर ओतून टाकायचे?” मी विचारलं. आमची पिढी पाणीसुद्धा शिळं करून वापरणारी.

“टाकायचे. तापलंय म्हणून शिंपडायचं नाही.”

त्याच्याजवळ घनता मोजायची काचेची नळी आहे. खालून येणाऱ्या पाण्याचा आकडा १.०१० च्या आसपास उतरला की हात आवरायचा. पुढे पाण्याचा आंबटपणा घटतो आणि सालातलं टॅनिन उतरू लागतं. बिअर तुरट होते. साखर संपली की साल बोलायला लागते.

हे वाक्य ऐकून मला आमची नानी आठवली. प्रत्येक घरात एक नानी असते. घरातली सगळी बाळंतपणं, सगळी आजारपणं, सगळ्यांचे परीक्षेचे डबे तिच्या नावावर. सत्तरीत ती कडवट बोलू लागली, तेव्हा घरभर चर्चा झाली, की नानीचा स्वभाव बिघडला. तिच्यावरून कितवं पाणी चाललंय, ते कुणी मोजलं नव्हतं. कचेरीतल्या हेडक्लार्कचंही तेच. साहेब म्हणतात, “हल्ली ते चिडके झालेत,” आणि आणखी एक फाईल सरकवतात.

मग उरलेला गोडवा वाया घालवायचा का? तसंही नाही. जुन्या इंग्लंडात त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून वेगळी, हलकी बिअर करत. नोकरचाकर, पोरंटोरं ती रोज पीत. पण तिला हलकीच म्हणत. तिच्याकडून पहिल्या धारेची अपेक्षा ठेवत नसत. नातवाला गोष्ट सांगणाऱ्या नानीकडून पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या मागू नयेत, एवढंच शहाणपण यात आहे.

माणसात बुडवायची काचेची नळी अजून निघालेली नाही. तोवर चाखून बघावं. माणूस तुरट लागला, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी आपल्या हातातला तांब्या बघावा.