आधी बोलू द्या

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या अडीच महिन्यांत तिसऱ्या भाषेवर गावोगाव वाद झाले. दुसऱ्या भाषेचं, म्हणजे इंग्रजीचं, काय झालं हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. मराठी शाळांत 2000 पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आहे. बारा वर्षं तो विषय शिकलेला मुलगा बारावी झाल्यावर एसटी स्टँडजवळच्या एखाद्या दुकानाच्या माडीवर फी भरून ‘स्पोकन इंग्लिश’ला बसतो. आपल्या शिक्षणाचा यापेक्षा स्पष्ट पंचनामा दुसरा नाही.

या माड्यांवर काय शिकवावं, यावर अलीकडे शिक्षकांच्या एका मेळाव्यात एका नावाजलेल्या मार्गदर्शकांचं भाषण ऐकलं. त्यांचं सूत्र सोपं होतं: आधी उच्चार, मग संवाद. रोज अर्धा तास टंग ट्विस्टर घोकून घ्या, जीभ साफ झाली की इंग्रजी आपोआप येतं. दयाळूपणा, माणुसकी अशा विषयांवर मुलांना बोलायला लावणं त्यांच्या मते वेळेची नासाडी. नोकरी देणारा तुमचं मन बघत नाही, उच्चार बघतो. टाळ्या जोरात पडल्या. त्या टाळ्यांमुळेच हे लिहावंसं वाटलं, कारण ते सूत्र चुकीचं आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

टंग ट्विस्टर मुळात कुणासाठी होते ते पाहा. मिरच्या वेचणाऱ्या पीटर पायपरचं प्रसिद्ध वाक्य 1813 मध्ये लंडनच्या जॉन हॅरिसने छापलेल्या पुस्तकात आलं. वर्णमालेतल्या अक्षरागणिक एकेक अनुप्रासाचं वाक्य, असं ते पुस्तक होतं. ते ज्यांच्या हाती पडायचं ती मुलं घरी इंग्रजीच बोलत होती. त्यांना भाषा येत होती, फक्त तिच्यावर हात फिरवायचा होता. आपल्या माडीवरच्या मुलाला अजून दुकानात एक वस्तू इंग्रजीतून मागता येत नाही.

त्यातही निवड बघा. समुद्रकिनाऱ्यावर शिंपले विकणाऱ्या मुलीचं वाक्य जवळपास प्रत्येक क्लासमध्ये घोकलं जातं. त्याची सगळी गंमत ‘स’ आणि ‘श’ यांच्या गोंधळात आहे. ‘साल’ आणि ‘शाल’ यांतला फरक मराठी मूल शाळेत जायच्या आधीपासून करतं. म्हणजे जो आजार नाही त्यावर औषध चालू आहे. आपला खरा घोळ वेगळा आहे. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ आपण एकाच ‘व’वर भागवतो. त्याहून मोठा घोळ आघाताचा. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी 1969 मध्ये भारतीयांचं इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत समजतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांना शब्दातला चुकीच्या जागी पडणारा आघात सापडला. ‘डेव्हलपमेंट’ म्हणताना आपण ‘डे’वर जोर देतो, इंग्रजी कान तो ‘व्हे’वर शोधत असतो. शिंपले कितीही वेळा विकले तरी हा जोर जागेवर येत नाही.

आणि ‘जीभ साफ’ होण्याचं म्हणाल, तर मातृभाषिकांची तरी कुठे होते? एमआयटीच्या स्टेफनी शॅटक-हफनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक छोटं, अर्थहीन वाक्य संशोधक मंडळींपुढे मांडलं. ते भरभर म्हणताना जन्मापासून इंग्रजी बोलणारेही अडखळतात. इथे दोष जिभेच्या जडपणाचा नाही. बोलण्याआधी मेंदू आवाजांची जी आखणी करतो, तिच्यात सारखे आवाज एकमेकांवर आदळतात. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणताना आपलंही तेच होतं, म्हणून कुणी आपलं मराठी कच्चं ठरवत नाही.

मेळाव्यातल्या वक्त्यांना माझं मुख्य उत्तर मात्र एन. एस. प्रभू यांच्याकडून येतं. आपल्या मातीत इंग्रजी कसं शिकवावं यावर त्यांच्याइतका खोल विचार करणारा माणूस मला दुसरा माहीत नाही, आणि आपल्या डी.एड., बी.एड.च्या वर्गांत त्यांचं नाव जेमतेम ऐकू येतं याचं मला वाईट वाटतं. 1979 ते 1984 या काळात बेंगळुरू, मद्रास अशा दक्षिणेकडच्या ठिकाणी साध्या, गच्च भरलेल्या शाळांत त्यांनी एक प्रयोग चालवला. वर्गात व्याकरणाचा पाठच ठेवला नाही. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काही मुलांपुढे ठेवायचं आणि प्रश्न सोडवायला लावायचा: अमुक वाजता पोचायचं तर कुठली गाडी धरावी? मुलाचं सगळं लक्ष उत्तराकडे, आणि उत्तर सांगता सांगता भाषा आत मुरते. अर्थाच्या मागे लागलेलं मन भाषेचे नियम नकळत बांधत जातं, हा त्यांचा सिद्धांत. 1987 च्या ‘सेकंड लँग्वेज पेडागॉजी’ या पुस्तकात त्यांनी तो मांडला.

हा नुसता आशावाद नव्हता. अॅलन बेरेटा आणि अॅलन डेव्हिस यांनी या मुलांच्या चाचण्या घेतल्या. वाक्यरचनेच्या चाचणीत जुन्या पद्धतीने शिकलेली मुलं पुढे होती, पण ऐकून लिहिण्यात आणि समजून घेण्यात प्रयोगातली मुलं सरस ठरली. चाचण्यांच्या मर्यादा त्या दोघांनीच नोंदवल्या. तरी एवढं म्हणता येतं की घोकलेलं घोकण्याच्या परीक्षेत चालतं आणि समजलेलं बाकी सगळीकडे.

पण प्रभूंचं पुस्तक नीट वाचलं तर ते माझ्या बाजूच्या लोकांनाही सोडत नाही. दयाळूपणावर गप्पा हव्यात असं म्हणणारे शिक्षक फळ्यावर प्रश्न लिहितात: दयाळूपणा म्हणजे काय? वर्गातून तीन वाक्यं येतात: दयाळूपणा चांगला असतो, आपण दयाळू असावं, माझी आई दयाळू आहे. मग शांतता. प्रभूंनी मतं मागणाऱ्या कामांपेक्षा तर्क करायला लावणारी कामं पसंत केली, ती याचसाठी. मोकळ्या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं, म्हणून नवशिक्याला धरायला काहीच मिळत नाही.

दयेचा विषय तरीही ठेवायचा, पण तो पेचात घालून. कोल्हापूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी एका बाईंना मी हे करताना पाहिलं. शेवटची एसटी, खिसा कापलेला प्रवासी, तिकिटाला पैसे नाहीत. विनातिकीट बसवलं आणि तपासणीस चढला तर कंडक्टर अडचणीत. त्याने काय करावं? मागच्या बाकावरची, तोवर तोंड न उघडलेली नर्सिंगची मुलगी उठली: “टुडे ही पे. टुमारो अगेन पे? हिज चिल्ड्रन व्हॉट ईट?” व्याकरण पार मोडलेलं, पण मुद्दा सगळ्यांना कळला. लगेच एक मुलगा उसळला की प्रवाशांनी वर्गणी काढावी. ती म्हणाली, आधी विचारणार कोण? ते विचारायचं वाक्य शोधण्यात मग अर्धा वर्ग गुंतला. फळ्यावर शेवटी जे वाक्य उरलं त्यात विनंती होती, कारण होतं, समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक होती. या एका वाक्यासाठी पाठ्यपुस्तकात अख्खा धडा असतो आणि तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता टंग ट्विस्टरबद्दल एक गोष्ट मान्य करतो, कारण तीही त्याच वर्गात दिसली. तासाच्या सुरुवातीला बाईंनी एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सर्वांत आधी स्वतः म्हटलं. दुसऱ्याच फेरीत त्यांची जीभ घसरली, वर्ग खळखळून हसला. मग एकेक जण उठला आणि घसरला. त्या दहा मिनिटांत कुणाचाही उच्चार सुधारला नाही. पण इंग्रजी बोलताना चुकलं आणि काहीच बिघडलं नाही, हे कित्येकांनी पहिल्यांदा अनुभवलं. ती मागच्या बाकावरची मुलगी नंतर उठली त्यात या हसण्याचा वाटा नक्की होता. तेव्हा वाक्य तेच असतं. मार्गदर्शक ते घेऊन मुलांची परीक्षा घेतात, तर बाईंनी ते घेऊन मुलांची भीती काढली. मुलं चुकतात तेव्हा शिक्षक कसा वागतो, यात दयाळूपणाचा पहिला धडा असतो. तो इंग्रजीत असायची गरज नाही.

स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ट्विस्टर दहा मिनिटांवर नेऊ नका, आणि पहिल्यांदा तुम्हीच म्हणा. उरलेला तास मुलांना असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. आणि मूल बोलत असताना, वाक्य पुरं होईपर्यंत, त्याची चूक सुधारू नका.