मजुरीची ओळ

स्वयंपाकघराचं बजेट मांडायला बसलात की पहिल्या तासाभरात एक गोष्ट लक्षात येते. कागदावरच्या बहुतेक आकड्यांशी वाद घालता येत नाही. प्लायच्या शीटचा जो भाव आहे तो आहे. दुकानदार फार तर थोडे सोडेल आणि वर चहा पाजेल. चिमणीच्या खोक्यावर किंमत छापलेली असते, ऑनलाइन पाहिली तरी चार-पाचशेचा फरक. टाइल्स चौरस फुटावर, दगड चौरस फुटावर, ट्रॉल्यांचे चॅनल जोडीवर. या सगळ्या ओळी टणक. एकच ओळ अशी असते की जिच्यावर बोट ठेवलं तर ते आत जातं. ती मजुरीची.

आमचा फ्लॅट यवतमाळात, दारव्हा रोडच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. इमारत वीसेक वर्षांची. स्वयंपाकघर आठ बाय दहा, ओटा कडप्प्याचा, खाली दारं नसलेले कप्पे, सिंकमागची भिंत बारमाही ओली. ते नीट करायचं ठरलं आणि मी एक्सेल उघडलं. प्लाय, सनमायका आणि हार्डवेअर १,४५,०००. ओट्याचा दगड ३८,०००. टाइल्स २७,०००. नळ, पाइप, वायरिंगचं सामान २४,०००. चिमणी आणि शेगडी ४२,०००. सुताराची मजुरी ५५,०००. गवंडी आणि फरशीवाला २२,०००. रंग ९,०००. मलबा उचलून नेणं ४,०००. बेरीज ३,६६,०००. आमच्याकडे होते सव्वातीन लाख. म्हणजे ४१,००० रुपये कुठून तरी कापायचे होते.

ज्याला ज्याला ही शीट दाखवली त्याने एकाच ठिकाणी बोट ठेवलं. नवऱ्याने, त्याच्या ऑफिसातल्या मित्राने, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, नागपूरच्या नणंदेनं. ‘पंचावन्न? सुताराला पंचेचाळीसवर आण. गवंड्याला पंधरात बसव.’ चिमणी कापा असं कुणी म्हटलं नाही. इतकी वेगवेगळी माणसं एकमेकांशी न बोलता एकाच ओळीवर येतात, याचा मला त्रास व्हायला लागला. त्यात वाईट माणूस कुणीच नाही. काकू तर गवंड्याला रोज दुपारी ताक देतात.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना एक खोड असते, कोणताही मोठा आकडा कापसात मोजायची. (पुण्यातली माझी मैत्रीण सगळं ईएमआयमध्ये मोजते, तिचंही तेच.) २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. भागाकार केला. माझं स्वयंपाकघर झालं जवळपास ४९ क्विंटल कापूस. राळेगाव तालुक्यात बाबांचं कोरडवाहू शेत आहे. बरं वर्ष असेल तर एकरी पाच-सहा क्विंटल होतो. म्हणजे आठ-नऊ एकरांचं सगळं उत्पन्न, बियाणं-खत-फवारणी वजा न करता. कमी पडणारे ४१ हजार म्हणजे एका एकराची पुरी वेचणी.

या भागाकाराचं पुढे काय करायचं, हा प्रश्न अवघड आहे. पीटर सिंगर नावाच्या तत्त्वज्ञाचा १९७२ चा एक गाजलेला निबंध आहे. त्यातलं उदाहरण असं: डबक्यात मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चालला आहात, उतरलात तर कपडे खराब होतील. कपड्यांसाठी थांबाल का? नाही. मग दूरचं मूल उपाशी मरत असताना गरजेबाहेरचा खर्च कसा करता? सिंगर माझ्या ओट्याशी येऊन उभा राहिला तर ट्रॉल्यांचं एकही चॅनल बसणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला तर त्याचं डबकं फार लांब शोधावं लागत नाही. मला त्याचा युक्तिवाद खोडता आलेला नाही. पण माझ्या शीटवरचा प्रश्न वेगळा होता. सुतार माझ्याकडे मदत मागायला आला नव्हता. तो काम विकत होता आणि मी घेत होते. दान किती करावं हे त्यात येत नाही. भाव किती द्यावा हे येतं. आणि दान करणारी माणसंही भावाच्या वेळी फार कडक असतात हे आपण सगळेच पाहतो.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. बाजारात जो दर चालतो तो न्याय्य दर. तू जास्त दिलेस तर तुझं समाधान होईल आणि मजल्यावरच्या बाकी तीन घरांना सुतार महाग होईल. शिवाय घासाघीस दोन्हीकडून असते. तोही काही भोळा नाही.

हे शेवटचं खरं निघालं. मी सुताराला सरळ विचारलं, पंचावन्न कसे धरले? तो हसला. ‘ताई, तुमी कमी करा म्हनसानच. म्हनून मी पयलेच वाढवून सांगतो.’

म्हणजे आम्ही दोघंही एक ठरलेलं नाटक करत होतो. तो पंचावन्न म्हणणार, मी पंचेचाळीस म्हणणार, पन्नासला दोघं थोडं नाराज होणार आणि काम सुरू होणार. मग यात अन्याय कुठे आहे? भाव ही दोन माणसांमधली बोलाचाली असेल, तर ज्याला बोलता येतं त्यानं बोलावं.

पण बोलता किती येतं हे कशावर ठरतं? अ‍ॅडम स्मिथ, ज्याला बाजाराचा आद्य वकील म्हणतात, त्यानेच १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये याचं उत्तर दिलं आहे. मालक मजूर न लावता साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो. कामाशिवाय आठवडा काढणंही अनेक मजुरांना जमत नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे, पण एकाची गरज आजची आहे. माझा कडप्प्याचा ओटा आणखी दोन वर्षं चालला असता. सुताराने ज्या सोमवारी काम सुरू करतो म्हटलं, त्या सोमवारी त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. मला हे माहीत होतं. घासाघिशीत मी जे वापरणार होते ते माझं बोलण्याचं कौशल्य नव्हतं, त्याचा रिकामा सोमवार होता.

हे मी ओळखते, कारण आमच्या घराला दुसरी बाजू पाठ आहे. बाबांनी कापसाचा भाव आयुष्यात कधी सांगितला नाही. ‘आपन भाव इचाराचा,’ ते म्हणतात. गाडी बाजारात उभी असते, व्यापारी बोंडात हात घालतो, ओल आहे म्हणतो, आकडा सांगतो. सीसीआयच्या केंद्रावर गेलात तर ओलावा यंत्रावर मोजतात. आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की माल परत. पण केंद्राची वाट बघायला घरात पैसा लागतो. कापूस घरात ठेवला की अंगाला खाज सुटते आणि सावकाराच्या फोनची भीती वाटते. म्हणून गाडी ओली असतानाच निघते.

इथे ही गोष्ट थांबवली तर बाबा साधे आणि जग वाईट असं सोपं चित्र तयार होईल. पण बाबांच्या हिशेबाच्या वहीतही एक मऊ ओळ होती. बियाण्याची पिशवी छापील किमतीची, खत छापील किमतीचं, औषध दुकानदार म्हणेल त्या भावाचं. उरली वेचणी. वेचणाऱ्या बायांना किलोवर पैसे मिळतात, आणि ‘यंदा बोंडं मोठी आहेत, लवकर भरते, रुपया कमी घ्या’ हे वाक्य मी आमच्याच ओसरीवर ऐकलेलं आहे. व्यापारी बाबांना दाबायचा, बाबा बायांना दाबायचे. बायांच्या खाली कुणी नव्हतं. अलीकडे चित्र पालटलंय. दिवाळीनंतर वेचायला माणूस मिळत नाही, बाया आदल्या रात्री दर सांगतात, ऑटो पाठवा म्हणतात, आणि शेतकरी निमूट पाठवतो. बाबा याला मस्ती म्हणतात. मला वाटतं, त्यांनाही रिकामा सोमवार कुणाचा आहे हे बघता यायला लागलं आहे, इतकंच.

मग न्याय्य दर म्हणजे काय? ज्याची बाजू वर तो ठरवेल तो, एवढंच का? जॉन रस्किनने १८६० मध्ये ‘अन टू धिस लास्ट’ लिहिताना याच प्रश्नाला हात घातला होता. एका कामासाठी दोन माणसं आली आणि त्यांनी एकमेकांच्या खाली बोली लावली, तर काम देणाऱ्याला ते स्वस्तात पडतं. पण कामाचं मोल त्यामुळे कमी झालेलं नसतं, असं त्याचं म्हणणं. गांधींनी हे पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचलं आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ नावाने गुजरातीत त्याचं सार दिलं. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल एकच, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. सेवाग्राम आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. शाळेच्या सहलीत आम्ही सगळे तिथे जाऊन आलो, कुटीची जमीन किती गार आहे ते पायांनी पाहिलं, आणि परतताना बसच्या क्लीनरशी पाच रुपयांवरून भांडलो.

मी सुताराकडे परत गेले आणि म्हटलं, घासाघीस करत नाही, खरा हिशेब सांगा. त्याने बोटांवर मांडला. दोन माणसं, चोवीस दिवस, त्याची रोजी बाराशे, हाताखालच्याची आठशे. अठ्ठेचाळीस हजार. मग सात हजार कशाचे? थोडे माझ्या घासाघिशीचे, थोडे भीतीचे. जुनं काढल्यावर मागे काय निघेल ते सांगता येत नाही. ठेक्यात काम घेतलं की चोवीसचे तीस दिवस झाले तरी पैसे तेवढेच.

बजेट कसं करावं सांगणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत एक सल्ला असतो: दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवा. चांगला सल्ला आहे. पण तो घरमालकाच्या अनपेक्षितासाठी आहे. सुताराचं अनपेक्षित त्याने आपल्या आकड्यात गुपचूप घातलं होतं, आणि आम्ही सगळे नेमकं तेच सोलून काढायला सांगत होतो. मी म्हटलं, मग रोज हाजरीवरच करा, जितके दिवस तितके पैसे. मला वाटलं तो खूश होईल. त्याचा चेहरा पडला. ‘हाजरीत मालक घडी पायते, ताई. ठेक्यात मी माह्या मनाचा.’ चहाला दहा मिनिटं जास्त बसलं तर कुणी बघत नाही, ही मोकळीक त्याला सात हजारांहून मोठी होती. माझ्या न्यायाच्या कल्पनेत ती ओळ नव्हतीच.

शेवटी असं ठरलं: ठरलेल्या कामाचा ठेका पन्नास हजारांत, आणि भिंतीमागून काही निघालं तर त्याचे दिवस हाजरीवर. निघालंच. सिंकमागची भिंत आतून कुजली होती. दोन दिवस वाढले, प्लंबरचं काम वाढलं.

कायदा या सगळ्यात कुठे बसतो ते शोधायला गेले. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यायचा आणि त्यातून मंडळामार्फत कामगारांना मदत द्यायची अशी रचना. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्या कायद्याने बाहेर ठेवलं होतं. याचं कारण समजतं, प्रत्येक मोरीमागे निरीक्षक कोण पाठवणार. पण आमचा सुतार वर्षभर अशाच स्वयंपाकघरांतून फिरतो. त्याचे सगळे दिवस बाहेर ठेवलेल्या घरांत जातात, आणि दाखला द्यायला ठेकेदार नावाचा माणूस त्याच्या आयुष्यात नाही.

दगडाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दुकानात मला पांढरा क्वार्ट्झ आवडला होता. डाग पडत नाही, फोटोत सुंदर दिसतो. हा कृत्रिम दगड, क्वार्ट्झचा चुरा राळेत बसवून केलेला, आणि त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वरही असू शकते. तो कोरडा कापला की जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही. तरुण कामगारांमध्ये हा आजार आढळत गेला म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवायला, विकायला आणि बसवायला बंदी घातली. आपल्याकडे तो कुठे कापतात? ज्याचा ओटा त्याच्या बाल्कनीत, ग्राइंडरने, तोंडाला रुमाल बांधून. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. पाणी सोडत कापला तर धूळ बसते. यवतमाळात पाणी सोडत कापा म्हणणं हाही एक विनोदच. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा टाकीत ड्रम उतरवून पाणी काढणारं हे शहर. तरी आम्ही दोन बादल्या दिल्या आणि फरशीवाल्याने कुरकुरत का होईना, ओला कापला.

कापाकाप अखेर अशी झाली. क्वार्ट्झऐवजी काळा ग्रॅनाइट, १९ हजार वाचले. चिमणी रद्द, साधा एक्झॉस्ट, १८ हजार वाचले. जुना कडप्पा फेकण्याऐवजी आतल्या फळ्यांना वापरला, तिथे प्लायचे पाचेक हजार वाचले. वाढलेलं काम धरून सगळा खर्च ३,२७,००० वर थांबला. यात मी मोठी त्यागमूर्ती ठरत नाही; फोडणीचा धूर एक्झॉस्टने पुरेसा जातो. नवरा अजूनही म्हणतो की पंचेचाळीसला तो तयार झाला असता. बहुतेक झाला असता.

एक गोष्ट मात्र शीटमध्ये कुठेच नव्हती. ओट्याची उंची सुताराने माझ्या कोपरावरून घेतली, मला उभं करून, टेपने. सिंकचीही तीच धरली. पण आमच्या सिंकशी सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहतात त्या भांड्यांच्या मावशी, आणि त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत. त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता त्या पायाखाली लाकडी पाट घेतात. तो सुताराने उरलेल्या प्लायचा करून दिला, पैसे न घेता. मावशी महिनाभर हा सगळा व्यवहार ऐकत होत्या. काम संपलं त्याच आठवड्यात त्यांनी दोनशे रुपये वाढवून मागितले. शेजारच्या दोन घरांत काय दर चालतो, ते नवऱ्याने लगेच सांगितलं.