दहा शिलिंग आणि एक ऋण

करारनाम्यावर सही झाली, ठरलेली रक्कम हाती पडली, म्हणजे देणे फिटले काय? वकिलीच्या व्यवसायामुळे या प्रश्नास 'होय' म्हणण्याची आम्हांस सवय जडली आहे. तथापि दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची हकीकत कळल्यापासून ते उत्तर आमच्या मनास पटेनासे झाले.

१९३९ साली जोहान्सबर्ग येथे लिंडा व त्यांचे 'ईव्हनिंग बर्ड्‌स' हे साथीदार यांनी 'म्बूबे', म्हणजे 'सिंह', हे गीत ध्वनिमुद्रित केले. साथीदारांच्या खर्जाचा भक्कम पाया आणि त्यावर तारस्वरांत विहरणारा लिंडांचा आवाज, अशी त्याची घडण होती. त्या गीतावरूनच झुलू समूहगायनाच्या एका शैलीस 'म्बूबे' हे नाव पडले. पुढे जगद्विख्यात झालेला 'लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो' हा वृंदही त्याच परंपरेतला. दहा वर्षांत ध्वनिमुद्रिकेच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. कर्त्याच्या पदरी मात्र हक्कांपोटी दहा शिलिंग पडले. त्याच सुरांवर १९६१ साली अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' हे गीत उभे राहिले आणि देशोदेशी गाजले. १९६२ साली लिंडा दारिद्र्यातच निवर्तले.

कोणी म्हणेल, व्यवहार राजीखुशीचा होता. परंतु परवान्यावाचून ज्याला शहरात राहण्याचीही मुभा नाही, त्याच्या राजीखुशीचे मोल ते किती?

नवल असे की, साम्राज्याच्या कायद्यासही ही शंका शिवली होती. १९११ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये, कर्त्याने हयातीत विकलेले हक्क त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परत येत. हाच कायदा काही फेरफारांसह १९१४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानातही लागू होता. त्याच्याच आधारे २००४ साली लिंडांच्या वारसांच्या वतीने डिस्ने कंपनीविरुद्ध दावा गुदरला गेला. २००६ साली तडजोड झाली. वारसांना मोबदला आणि लिंडांना सहरचनाकाराचा मान मिळाला. म्हणजे सही हा शेवटचा शब्द नव्हे, हे कायद्यानेच कबूल केले.

परंतु तोवर लिंडांना जाऊन चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. कायदा पैसा परत देववू शकतो. हयातीत न लाभलेला मान तो कोठून आणणार? आमच्या देवळांतील भजनात अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा येते. गाणाऱ्याला ती उच्चारल्यावाचून अभंग पुरा करता येत नाही. किंमत चुकती करणे हा व्यवहार. कर्त्याचे नाव घेणे हा धर्म. पहिल्याने दुसरा फिटत नाही, असे आम्हांस वाटते.