घसरला, पडला, की ढकलला गेला?



नाशिकमध्ये पावसाची पहिली सर येऊन गेली की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर येते : "काल गाडी स्लिप झाली." उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसात ओली होते, चाकाची पकड सुटते आणि कोणाचे कोपर, कोणाचा गुडघा सोलवटतो.

'स्लिप' हा शब्द इंग्रजी असला तरी आता तो आपल्या घरचाच झाला आहे. त्याची भावंडेही आली आहेत. विम्याची पॉलिसी 'लॅप्स' होते, शिल्लक रजा 'लॅप्स' होतात, बागेतली घसरगुंडी मुलांसाठी 'स्लाइड' झाली आहे. मराठीतही अशा शब्दांना तोटा नाही. ठेच लागते, पाय घसरतो, तोल जातो, भांडे हातून निसटते, निश्चय ढळतो, दरड कोसळते. इतके वेगवेगळे शब्द भाषेने उगाच केलेले नाहीत. पडण्यापडण्यात फरक असतो, हे तिला ठाऊक आहे.

पण हा फरक आपण सर्वांसाठी सारखा वापरतो का? आपल्याच बोलण्याकडे थोडे लक्ष देऊ या. स्वतःविषयी बोलताना आपण "मी पडलो" असे सहसा म्हणत नाही. "गाडी स्लिप झाली", "पाय घसरला", "तोंडातून शब्द निसटला" असे म्हणतो. दोष कधी गाडीचा, कधी पायाचा, कधी जिभेचा. आपण मात्र वाक्यातून अलगद बाजूला. शेजाऱ्याविषयी बोलताना मात्र "तो वाया गेला" एवढ्यात निकाल लागतो. मुलाच्या बाबतीत "वय आहे, चूक झाली" म्हणणारी माणसे मुलीच्या बाबतीत "तिचे पाऊल घसरले" म्हणतात आणि ते वाक्य तिच्या लग्नापर्यंत तिचा पाठलाग करते. एकाच घटनेला दोन शब्द आणि दोन न्याय.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात पापाची तीन कारणे सांगितली : अज्ञान, विकारांपुढची दुर्बलता आणि जाणूनबुजून केलेली निवड. आपल्या रोजच्या शब्दांत सांगायचे तर दगड दिसला नाही म्हणून ठेच लागते, पायात बळ कमी पडले म्हणून पाय घसरतो आणि तिसरा माणूस पडतच नाही, तो उडी मारतो. तिघेही जमिनीवरच आलेले असतात. पण तिघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

येथे कोणी म्हणेल, "फादर, मग काय, सगळेच घसरले म्हणायचे आणि सुटायचे?" नाही. घसरगुंडीचेच उदाहरण घेऊ. घसरगुंडीवरून खाली येताना मध्येच थांबता येत नाही, हे खरे. पण वर जायला पायऱ्या असतात आणि त्या एकेक करून चढाव्या लागतात. दारूच्या तिसऱ्या पेल्यानंतर माणसाचा स्वतःवर ताबा राहत नाही, पण पहिला पेला त्यानेच उचललेला असतो. पाऊस आपल्या हातात नाही. गुळगुळीत झालेले टायर वेळेवर बदलणे आपल्या हातात होते. म्हणून नीतिशास्त्र केवळ पडण्याचा क्षण पाहत नाही. त्या आधीच्या पायऱ्या पाहते. स्वतःची तपासणी करताना आपणही तेथूनच सुरुवात केली पाहिजे.

आणि कधी कधी पडलेला माणूस घसरलेलाही नसतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी आपल्याच शहरात, कुंभमेळ्यातील शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचे प्राण गेले. गर्दीत खाली पडणारा माणूस स्वतःच्या पायाने पडत नाही, मागचा लोंढा त्याला पाडतो. कर्ज, बेकारी, घरातली मारहाण, वाईट संगत हेही असेच लोंढे आहेत. "तो पडला" असे म्हणण्यापूर्वी धक्का कोणाचा होता, हे विचारायला हवे. तो धक्का कदाचित आपलाही असेल.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न फार लवकर सोडवावा लागला. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान काढले. अनेक ख्रिस्ती लोक डगमगले. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. या सर्वांना 'लाप्सी' म्हणत, म्हणजे घसरलेले. आपल्या पॉलिसीचा 'लॅप्स' त्याच लॅटिन धातूतून आला आहे. छळ ओसरल्यावर यांतले कितीतरी जण परत दारात उभे राहिले. रोममधील नोवेशियन म्हणाला, यांना पुन्हा आत घेता येणार नाही. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन आणि पोप कॉर्नेलियस यांनी वेगळी भूमिका घेतली. प्रायश्चित्ताशिवाय प्रवेश नाही, पण दार कायमचे बंदही नाही. इ. स. २५१ च्या कार्थेजच्या धर्मसभेने प्रत्येकाचे प्रकरण निरनिराळे पाहायचे ठरवले. बळी देणारा आणि दाखला विकत घेणारा यांना तिने एका रांगेत बसवले नाही. असे सांगणारे सिप्रियन पुढे २५८ मध्ये स्वतः हुतात्मा झाले. दया दाखवली म्हणजे श्रद्धा ढिली झाली, असे नव्हे.

विमा कंपनीलाही हे कळते. हप्ता चुकला तर ती आधी काही दिवसांचा 'ग्रेस पिरियड' देते. ग्रेस म्हणजे कृपा. त्यानंतर पॉलिसी लॅप्स झालीच, तर ठरावीक मुदतीत थकबाकी व्याजासह भरून ती पुन्हा चालू करता येते. थकबाकी माफ होत नाही, परंतु नातेही तुटत नाही. आपण एकमेकांना निदान एवढे तरी द्यायला नको का?

क्रूसाच्या वाटेवर तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी आपण प्रभूला पडलेले पाहतो. शुभवर्तमानांत या तीन पडण्यांचा उल्लेख नाही. भाविकांच्या भक्तीने ती स्थाने जपली आहेत. पडणे म्हणजे काय हे ज्यांना अनुभवाने माहीत होते, त्यांना प्रभूही आपल्यासोबत जमिनीवर आलेला पाहावासा वाटला असावा.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करू या. स्वतःविषयी बोलताना "गाडी स्लिप झाली" यावर न थांबता आपण कोणत्या पायऱ्या चढलो होतो ते आठवू या आणि प्रायश्चित्त संस्काराला येताना ते बरोबर आणू या. दुसऱ्याविषयी बोलताना "पडला" हा शब्द तोंडी आला, तर तो उच्चारण्याआधी ठेच, घसरण, धक्का की उडी, हे स्वतःला विचारू या. उत्तर माहीत नसेल, तर गप्प राहून हात पुढे करू या. आपल्या धर्मग्रामात अशी काही कुटुंबे आहेत, जी लोक काय म्हणतील या भीतीने मिस्साला यायची थांबली आहेत. त्यांच्या घरी एकदा जाऊन चहा घेणे कोणालाही अवघड नाही.

प्रभू आपणा सर्वांना सावरण्याचे आणि सावरून घेण्याचे बळ देवो.