मानसरोग आणि मनाचा आजार

काशीयात्रेला निघालेल्या मराठी माणसाला घरातील वडीलधारे हमखास विचारतात, "काशीला काय सोडणार?" कोणी आवडीचे फळ सोडते, कोणी एखादी भाजी, कोणी सकाळचा चहा. प्रथा चांगली आहे. जिभेला आणि मनाला जे चिकटले आहे त्यातले काहीतरी तीर्थावर ठेवून यावे, हा तिचा भाव. पण अलीकडे सत्संगानंतरच्या बोलण्यात आणखी एक सोडलेली वस्तू ऐकू येते, ती म्हणजे मनाच्या आजाराची गोळी. "इतकी वर्षे घेत होते, काशीत सोडली, आता फक्त नाम." ऐकणारे भक्तिभावाने हात जोडतात. हा आजार बायपोलर असेल तर हात जोडण्याआधी थोडे थांबायला हवे.

साधक बंधू-भगिनींनो, बायपोलर म्हणजे मूड बदलत राहणे नव्हे. या आजारात आठवडेच्या आठवडे मन उन्मादाच्या टोकाला जाते. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा वाटत नाही. विचार धावतात, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. पुढे कधीतरी तेच मन अवसादाच्या तळाशी पडते, जिथे अंथरुणातून उठणेही डोंगराएवढे होते आणि जगणे नको वाटते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर हजार प्रौढांमागे सुमारे 5 जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो आणि अशा आजारी माणसांपैकी सुमारे 70 टक्के उपचाराविना राहतात. हजार माणसांच्या शिबिरात आपल्या शेजारच्या आसनांवर असे चार-पाच साधक बसलेले असू शकतात.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या परिवाराने विशेष लक्षात घेतली पाहिजे. उन्माद पुष्कळदा धर्माची भाषा बोलतो. "मला देवाचा आदेश आला आहे", "मला आता झोपेची गरज उरली नाही", "सगळ्या जगाचे कल्याण माझ्या हातून होणार आहे." सत्संगात अशा बोलण्याला कोणी भावावस्था समजते, कोणी साधनेचे फळ. माणूस मात्र आत जळत असतो.

आता रामनगरकडे वळू. काशीच्या समोर, गंगेच्या पूर्व तीरावर, भाद्रपदातील अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर तेथे रामलीला चालते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे झगमगाट नाहीत. रामायणी मंडळी श्रीरामचरितमानस गातात, संवाद सुरू होण्याआधी "चुप रहो, सावधान" अशी हाक येते आणि हजारोंचा समुदाय शांत होतो. गावातल्याच जागा अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका होतात आणि प्रेक्षक लीलेबरोबर चालत जातात. मानसच्या शेवटच्या कांडात गरुड काकभुशुंडींना सात प्रश्न विचारतो. त्यातला शेवटचा प्रश्न मानस-रोगांविषयी आहे. काकभुशुंडी सांगतात की सर्व व्याधींचे मूळ मोह. काम हा वात, लोभ हा कफ, क्रोध हे पित्त. ममता हा गजकर्ण, ईर्ष्या ही खाज, दुसऱ्याचे सुख पाहून होणारी जळजळ हा क्षय. या रोगांवर सद्गुरू हा वैद्य, संयम हे पथ्य, भक्ती ही संजीवनी आणि श्रद्धा हे अनुपान.

येथेच गल्लत होते. हिंदी प्रवचनांचा मराठी अनुवाद करताना हा शब्द फार जपून हाताळावा लागतो. 'मानस रोग'च्या जागी 'मनोरोग' लिहिले की वाक्य व्याकरणाने बिनचूक राहते आणि अर्थाने उलटे होते. वाचणाऱ्याला वाटते की मनोरुग्णाचा वैद्य सद्गुरू आणि त्याचे औषध भक्ती, मग गोळी कशाला? पण तुलसीदासांनी सांगितलेले मानस-रोग सगळ्यांना आहेत. हे रोग सगळ्यांना आहेत पण ओळखतात फार थोडे, असे काकभुशुंडी स्वतःच म्हणतात. लोभ तुम्हाला आहे, मला आहे, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही आहे. बायपोलर सगळ्यांना नाही. तो हजारात पाच जणांना आहे, आणि त्या पाच जणांत लोभ-क्रोध इतरांपेक्षा जास्त असतो असे मुळीच नाही. ज्याला मधुमेह आहे त्याच्या रक्तातली साखर आपण मोहाच्या खात्यात टाकत नाही. या आजाराचा हिशोबही तसाच वेगळा ठेवायला हवा.

मानसमध्ये खऱ्या औषधाचा प्रसंगही आहे, तो लंकाकांडात. लक्ष्मणाला शक्ती लागते आणि तो निश्चेष्ट पडतो. प्रत्यक्ष श्रीराम शेजारी बसलेले आहेत. ज्याच्या नामाने जन्ममरण सुटते, तो भावाची ही अवस्था पाहून फार दुःखी झाला आहे. तेव्हा जांबवान वैद्याचे नाव सुचवतात. हा वैद्य सुषेण शत्रूच्या नगरीत, लंकेत राहणारा. हनुमंत लहान रूप घेऊन त्याला घरासकट उचलून आणतात. सुषेण पर्वताचे आणि औषधीचे नाव सांगतो. हनुमंत पर्वतावर पोहोचतात, पण त्यांना औषधी ओळखता येत नाही, म्हणून अख्खा पर्वत उचलून वैद्यापुढे ठेवतात. वैद्य उपाय करतो, लक्ष्मण उठतो, आणि हनुमंत वैद्याला जसे आणले तसे सुखरूप परत पोहोचवतात.

रामभक्तांत हनुमंतापेक्षा मोठा कोण? त्यांनाही औषध ओळखता आले नाही आणि त्यांनी ओळखल्याचा आव आणला नाही. कोणती काडी चालेल, किती द्यायची, हे त्यांनी पर्वतावर बसून ठरवले नाही. आपल्यातला एखादा सेवाभावी कार्यकर्ता "ती गोळी आता बंद करा, आपल्याकडे ध्यान आहे" असे सांगतो, तेव्हा हनुमंताने जे टाळले तेच तो करत असतो.

तरीही गोळी सोडावीशी वाटणाऱ्याला दोष देऊ नये. लिथियमने हात थरथरतात, तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, वर्षानुवर्षांच्या वापराने थायरॉइड आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. काही औषधांनी वजन वाढते, सकाळी डोके जड राहते, जपाला बसले की डुलकी लागते. शिवाय उन्मादातला तो वेग, तो प्रकाश काही जणांना हवाहवासा वाटतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन स्वतः याच आजाराच्या अभ्यासक. त्यांना स्वतःलाही तो आहे, हे त्यांनी 1995 साली आत्मकथेत जाहीर लिहिले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी लिथियम पुन्हा पुन्हा सोडले आणि त्या मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आल्या. ज्यांना सगळे पुस्तकी ज्ञान होते त्यांना हे इतके कठीण गेले, तर आपल्या एखाद्या भगिनीला जड जाणारच. पुढे त्या औषधावर टिकल्या, आणि गोळीइतकेच बोलून होणाऱ्या उपचाराचेही ऋण त्या मानतात.

लिथियमचा उपयोग उन्मादावर होतो हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 मध्ये दाखवले. ते एकदम बंद केले की पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका स्पष्ट वाढतो, कधी आजार मुळात होता त्याहून लवकर परततो. मात्रा हळूहळू उतरवली तर धोका कमी राहतो. म्हणून ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिथियम थांबवायचेच असेल तर किमान 4 आठवडे आणि शक्य असल्यास 3 महिने घेऊन उतरवावे, असे सांगितले आहे. इतर गोळ्यांचेही आपापले स्वभाव आहेत. झोप आणणाऱ्या आणि भ्रम आवरणाऱ्या गोळ्या अचानक थांबल्या की झोप उडते, मळमळते, जीव कासावीस होतो. नैराश्यावरच्या काही गोळ्या थांबल्या की चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. गोळी बंद केल्यावर दोन-चार दिवसांत उठलेला शरीराचा त्रास बहुधा औषध सुटल्याचा असतो. दोन-चार आठवड्यांनी झोप कमी होत जाणे आणि उत्साह चढत जाणे हे आजार परतल्याचे लक्षण असू शकते. घरच्या घरी हा भेद नेहमी कळतोच असे नाही, म्हणून या काळात डॉक्टरांची भेट लवकर लवकर हवी.

ज्यांनी आधीच सोडली आहे त्यांनी लाजू नये आणि घाबरून जुनी पुडी उघडून पूर्ण मात्राही घेऊ नये. लॅमोट्रिजिनसारख्या गोळीत काही दिवसांचा खंड पडला तर ती पुन्हा अगदी लहान मात्रेपासून चढवावी लागते, नाहीतर अंगावर जीवघेणे पुरळ उठू शकते. फोन करून एवढेच सांगावे: अमुक तारखेपासून बंद आहे, आता काय करू? व्हॅलप्रोएट घेणाऱ्या भगिनींनी मूल हवे असल्यास आधीच बोलावे. हे औषध गर्भाला अपाय करू शकते, त्यामुळे तेथे बदलाचा विचार योग्यच आहे, फक्त तो डॉक्टरांसोबत व्हावा. आणि ज्याला दुष्परिणाम सोसवत नाहीत, त्याने तेही डॉक्टरांना ठामपणे सांगावे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे, कधी थांबवणेही शक्य असते.

साधनेच्या संदर्भात दोन गोष्टींवर थोडे रेंगाळतो, कारण आपल्याकडे त्या नेहमी घडतात.

पहिली उपवासाची. मूत्रपिंडे लिथियमला जवळजवळ मिठासारखेच वागवतात. पाणी कमी झाले किंवा आहारातले मीठ एकदम तोडले, की शरीर लिथियम धरून ठेवते आणि रक्तात ते विषाच्या पातळीला जाऊ शकते. त्यामुळे लिथियम घेणाऱ्याने निर्जळी एकादशी करू नये आणि अळणी व्रत धरू नये. उन्हातली पदयात्रा, जुलाब, उलट्या यांतही हाच धोका. अंगदुखीवरची आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. हाताचा कंप वाढणे, बोलताना जीभ अडखळणे, तोल जाणे, उलट्या होणे अशी लक्षणे दिसली तर प्रसादाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरी जागरणाची. झोप तुटणे ही उन्मादाची ठिणगी आहे. अखंड पाठ, रात्रभराचे कीर्तन, पहाटे तीनची साधना, दिवसचे दिवस मौन आणि दीर्घ ध्यान हे निरोगी माणसाला झेपते, या आजारात ते पेट घेऊ शकते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत स्वतः सांगतात की फार जागणाऱ्याला आणि फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. मला हा श्लोक बायपोलरच्या साधकासाठीच सांगितल्यासारखा वाटतो. ठरलेल्या वेळी झोपणे हीच त्याची तपश्चर्या.

कोणी म्हणेल, या विलायती गोळ्या, आपल्या आयुर्वेदात का नाही? आहे की. उन्मादावर सर्पगंधा आपल्या देशात पिढ्यानपिढ्या वापरली गेली. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिच्याविषयी प्रबंध लिहिला, आणि 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे हेही दिसले की त्याने काहींना खोल नैराश्य येते. मुळी देशी असो की विदेशी, औषधाला बळ असते तिथे धोकाही असतो. आणि चरकसंहितेत चिकित्सा तीन प्रकारची सांगितली आहे: जप-होम-मंगलाची दैवव्यपाश्रय, आहार-औषधाची युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरण्याची सत्त्वावजय. तिन्ही एका ओळीत बसतात. जप धरला म्हणून औषध सोडा, असे चरक कुठेही म्हणत नाहीत.

परिवार म्हणून आपले काम सुषेणाला आणण्याचे आणि सुखरूप पोहोचवण्याचे आहे. शिबिराच्या नोंदणीत औषधांविषयी खासगीत विचारावे, गोळीच्या वेळेला आसन सोडण्याची मोकळीक द्यावी. एखादा साधक तीन रात्री झोपला नाही आणि तरी तेजस्वी दिसतो आहे, तर त्याला मंचावर अनुभव सांगायला बोलावण्याऐवजी त्याच्या घरी फोन लावावा. वाणिज्य शाखेत आम्हाला रोजमेळ लिहायला शिकवतात: आज किती आले, किती गेले, रात्री शिल्लक. या आजारातही तसा रोजमेळ उपयोगी पडतो. किती तास झोप, गोळी घेतली का, मन वर की खाली, तीन रकाने पुरतात. चढती-उतरती नोंद डोळ्यांना आधी दिसते, मनाला नंतर. जगणे नको वाटण्याचे विचार येत असतील तर केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते. काशीतच काही घडले तर रामनगरहून पूल ओलांडला की पलीकडे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि शहरात पांडेपूरला शासकीय मानसिक चिकित्सालय आहे. प्रवासात डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि दोन-चार दिवसांच्या जादा गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात, कारण गाडी उशिरा येते आणि मोठी बॅग कधी भलतीकडेच पोहोचते.

रामनगरला राज्याभिषेकाची लीला रात्रभर चालते आणि पहाटे भोर की आरती होते. त्या आरतीसाठी लोक दूरदूरहून येतात, आणि "मी जागणार नाही" म्हणताना साधकाला वाईट वाटते. त्याने नेहमीच्या वेळी जेवावे, गोळी घ्यावी आणि झोपावे. सोबत आलेल्यांपैकी कोणीतरी त्याला आरतीपुरते उठवावे, आणि परत आल्यावर उरलेली झोप पुरी होईपर्यंत कोणी त्याच्या खोलीचे दार वाजवू नये.